सुकेळी ऐकून काय वाटलं

"आज किती?" सायकल भिंतीला टेकवायच्या आधीच इनासने विचारलं.

"तीन. एक नाशिकचं, एक वर्ध्याचं. तिसरं कुठलं ते कळत नाही, शिक्का पुसलाय."

"कळत नाही ते आधी वाच."

दुपारचे दोन वाजले होते. बेकरीत ही वेळ मोकळी असते. सकाळचा पाव विकून झालेला असतो आणि संध्याकाळच्या पावाचं पीठ आत फुगत पडलेलं असतं. सन दोन हजारच्या त्या जानेवारीत नंदाखालच्या आमच्या बेकरीत मी आणि इनास लोपीस रोज या वेळेला बसायचो आणि लोकांची कार्डं वाचायचो. आम्ही आपसांत कादोडीत, आमच्या वसईच्या बोलीत, बोलतो. इथे सगळ्यांना कळेल असं सांगतोय.

मी ते कार्ड वाचलं. "कॅसेट दोन्ही बाजूंनी ऐकली. गाणारा कधी येणार याची शेवटपर्यंत वाट पाहिली. तो आला नाही. कळावे."

इनास इतका हसला की बाकावरून घसरला.

ती कॅसेट इनासची होती. नाव 'सुकेळी'. आमच्या वसईत राजेळी केळी उन्हात सुकवून पानात बांधतात, ती सुकेळी. चिकट, गोड, बोटांना लागली की सुटत नाहीत. इनास म्हणायचा, मला गिटारचा तसा आवाज पाहिजे. कॅसेटमध्ये त्याच्या स्वतःच्या आठ चाली होत्या. सूर जॅझचे, कुठून कुठे जातील सांगता येत नाही, आणि खाली फंकचा ठेका, खुर्चीत बसलेल्या माणसाची कंबर हलवणारा. गिटार त्याची, बेसही त्यानेच वाजवला होता. ड्रम माझे. आम्ही दोघं लहानपणापासून एकत्र, लग्नांच्या बॅंडमध्येही एकत्र. अंधेरीच्या एका स्टुडिओत दोन दिवसांत आम्ही हे सगळं रेकॉर्ड केलं आणि तीनशे कॅसेट काढल्या. काही लग्नाच्या मांडवात खपल्या, काही दादरच्या एका दुकानात ठेवल्या, आणि कुणाकुणाकडून जॅझ ऐकणाऱ्यांचे पत्ते मिळवून साठ-सत्तर पोस्टाने पाठवल्या. प्रत्येक कॅसेटबरोबर एक कोरं पोस्टकार्ड द्यायचो. त्यावर बेकरीचा पत्ता आणि एकच ओळ छापलेली : ऐकून काय वाटलं ते लिहा.

लोकांनी लिहिलं. मला वाटलं नव्हतं इतकं लिहिलं.

मनोरच्या एका सिस्टरने लिहिलं, "चौथी चाल लागली तेव्हा वसतिगृहातल्या मुली भांडी घासता घासता हलत होत्या. हे संगीत देवाचं वाटत नाही, पण सैतानाचंही वाटत नाही." नालासोपाऱ्याच्या एका रिक्षावाल्याने लिहिलं की त्याचं गिऱ्हाईक उतरायचं विसरलं. त्या दिवशीचं नाशिकचं कार्ड बॅंकेतल्या एका साहेबांचं होतं. त्यांनी सकाळी दाढी करताना कॅसेट लावली आणि गाल कापून घेतला. दुसरी बाजू सुट्टीच्या दिवशी ऐकतो, असं त्यांनी कळवलं. एकाने नुसतं लिहिलं, "पैसे परत मिळतील का?"

"आता वर्धा," इनास म्हणाला.

वर्ध्याच्या कोणी शिक्षिका होत्या. "गिटार फार आवडली. मात्र मधून मधून कोणीतरी दार ठोठावतंय असा भास होतो. दोनदा उठून पाहिलं."

यावरही आम्ही हसलो. इनास जरा कमी हसला. मी जास्त हसलो.

मग त्याने तिन्ही कार्डं नीट एकावर एक ठेवली आणि म्हणाला, "बस्त्याव, लोक चांगले आहेत. हसवतात. पण कळलंय कोणाला?"

"सिस्टरला कळलंय."

"तसं नाही. मी काय करतोय ते कळलेला एक माणूस भेटू दे. त्याने नुसतं म्हटलं पाहिजे, ये आणि आमच्यासमोर वाजव. मग मी नाही जात."

जाणं म्हणजे जहाजावर जाणं. मुंबईच्या एका एजंटाने त्याला बोटीवर वादकाची नोकरी देऊ केली होती. नऊ महिन्यांचा करार. जेवणाच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी लोक सांगतील ते वाजवायचं. एकतीस जानेवारीपर्यंत कळवायचं होतं. त्याच्या बायकोला, ज्युलिएटला, तो जायला हवा होता की नको, ते तिलाच ठरवता येत नव्हतं. मुलगी दोन वर्षांची होती.

"येईल कोणीतरी," मी म्हणालो.

एकोणीस तारखेला, बुधवारी, पुण्याहून पाकीट आलं. आतलं पत्र इंग्रजीत, निळ्या शाईत, अक्षर वळणदार. मी ते गल्ल्यापाशी उभा राहून एकदा वाचलं. मग आत जाऊन भट्टीशेजारी पुन्हा वाचलं. मग घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

दोन वाजता इनास आला. "आज?"

"आज काही नाही," मी म्हणालो.

ते इतकं सोपं गेलं की माझं मलाच नवल वाटलं.

गुरुवारीही तेच म्हणालो. शुक्रवारी एक कार्ड आलं होतं, ते वाचून दाखवलं. शनिवारी, "काही नाही." सोमवारी इनासने विचारलंच नाही. नुसता माझ्या तोंडाकडे पाहत राहिला आणि मी मान हलवली. पत्र सदऱ्यातून पॅंटमध्ये, पॅंटमधून मैद्याच्या रिकाम्या डब्यात आणि डब्यातून परत सदऱ्यात फिरत होतं. एका जागी ठेववत नव्हतं. मीही एका जागी बसू शकत नव्हतो. संध्याकाळी मागच्या खोलीत ड्रम वाजवायला बसायचो आणि पाच मिनिटांत उठायचो. उठलो की पुन्हा बसावंसं वाटायचं.

"तुला झालंय काय?" रोजाने, माझ्या बायकोने, एकदा भट्टीपाशी विचारलं. "दोन लाद्या काळ्या केल्यास. कप वाजवतोस, ताट वाजवतोस, झोपेत माझी पाठ वाजवतोस. कुणाचं काय खाल्लंस?"

"काही नाही."

"काही नसलं की तू गप्प असतोस. एवढा वाजत नाहीस."

तिलाही सांगितलं नाही. पीठ मळायचं जुनं मशीन पुण्यात विकायला आहे, ते बघून येतो म्हणालो आणि अठ्ठावीस तारखेला पहाटेची एसटी पकडली. मनात एकच बेत होता. पत्र लिहिणाऱ्या बाईंना भेटायचं, नीट समजावायचं, जमलं तर समोर वाजवून दाखवायचं. मग पत्र इनासला द्यायला काही हरकत राहिली नसती.

बाईंचं नाव मेहेर दुबाश. कॅम्पात एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायच्या आणि मुलांना पियानो शिकवायच्या. सत्तरीच्या असतील. उंच, ताठ, अंगात फुलाफुलांचा झगा. दार उघडल्यावर मी म्हणालो, "मी वसईहून आलोय. इनास लोपीसचा मित्र."

"तो कुठे आहे?"

"कामात आहे."

"माझे पत्र मिळाले ना त्याला?"

"मिळालं," मी म्हणालो.

त्यांनी मला बसवलं, चहा आणि केक आणला. मग समोर बसून सरळ मुद्द्यावर आल्या.

"पत्रात मी दोनच गोष्टी लिहिल्या आहेत. त्यात न समजण्यासारखे काय आहे? आम्ही दर फेब्रुवारीला जॅझची एक संध्याकाळ करतो. शाळेचा हॉल असतो, ऐकणारे शंभर-सव्वाशे, पण कान असलेले. एक, बारा तारखेला त्याने येऊन आमच्यासमोर वाजवायचे. दोन, ड्रमवाला दुसरा आणायचा. त्याच्याकडे नसला तर मी देते."

पत्रात हेच होतं. फक्त पत्रात दुसऱ्या गोष्टीला तीन ओळी जास्त होत्या.

"ड्रमवाल्यात काय वाईट आहे?" मी विचारलं.

"तू ओळखतोस त्याला?"

"ओळखतो."

"माणूस कसा आहे?"

"चांगला आहे. मेहनती आहे."

"ते ऐकू येते," बाई म्हणाल्या. "फार मेहनत ऐकू येते."

मी हसण्याचा प्रयत्न केला. म्हणालो, "बाई, लग्नात वाजवणारा माणूस आहे तो. तिथे एक सेकंद गप्प बसलं तर लोक नाचायचे थांबतात. तो ठेका पडू देत नाही, एवढंच."

"हे लग्न आहे?" त्या उठल्या, कॅसेट लावली आणि दुसऱ्या चालीपाशी आणून थांबवली. "हात मांडीखाली ठेव."

"काय?"

"दोन्ही हात. मांडीखाली. आता ऐक."

मी हात मांडीखाली घेतले. ती चाल मी शंभर वेळा तरी ऐकली होती. पण प्रत्येक वेळी हात मोकळे असायचे आणि कॅसेटबरोबर मी पुन्हा वाजवत असायचो. म्हणजे ऐकली एकदाही नव्हती, हे मला तिथे कळलं. इनासची गिटार दोन-तीन तुकडे बोलायची आणि थांबायची. एखादा माणूस गोष्ट सांगता सांगता डोळे मिचकावून गप्प बसतो तशी. आणि ती थांबली रे थांबली की मी यायचो. धडधड, धडधड, झांज. ती पुन्हा थांबायची, मी पुन्हा यायचो. दार ठोठावतंय कोणीतरी. दोनदा उठून पाहिलं.

"बघ," बाई म्हणाल्या. "इथे तो थांबतो. का थांबतो? ऐकणाऱ्याला पाऊल टाकायला जागा देतो. सगळी मजा त्या जागेत आहे. आणि हा तुझा चांगला माणूस लगेच तिथे कपाट आणून ठेवतो. इथे टेबल. इथे खुर्ची. फर्निचरचे दुकान आहे."

त्यांनी टेप बंद केला. खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती सुरू होत नव्हती.

"मीच तो," मी म्हणालो.

"माहीत आहे. आल्यापासून माझे टेबल वाजवतो आहेस. तिथेही जागा सोडली नाहीस." आवाज मऊ नव्हता, कडकही नव्हता. "हे शिकता येते. मी पन्नास वर्षांच्या लोकांना शिकवले आहे. पण बारा तारखेपर्यंत येत नाही." मग त्यांनी एकदम विचारलं, "तू एकटा का आलास?"

माझा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला.

"पत्र त्याला दिलेस?"

"नाही."

"किती दिवस झाले?"

"नऊ."

त्यांनी माझ्यासमोरचा अर्धा कप उचलला, बशीसकट आत नेऊन ठेवला आणि परत येऊन दार उघडून उभ्या राहिल्या.

"जा. आता जा आणि पहिले काम ते कर."

वसईत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. घरी न जाता मी थेट इनासच्या वाडीत गेलो. तो केळींना पाणी लावत होता. पायात काही नव्हतं, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात फावडं. मला पाहून म्हणाला, "मशीन मिळालं?"

"इनास, मला..."

"थांब, आधी माझं ऐक. दुपारी तुझ्याकडे आलो होतो, रोजा म्हणाली तू पुण्याला गेलास. काल एजंटाचा फोन आला. दुसरा एक गिटारवाला तयार आहे म्हणाला, जागा जाईल. मी काल मुंबईला जाऊन सही करून आलो. पासपोर्टही दिला. पाच तारखेचं विमान आहे." त्याने पाटाच्या तोंडाशी माती ओढून पाणी दुसऱ्या ओळीत वळवलं. "म्हटलं, एवढी कार्डं आली, हौस झाली. आता पुरे."

मी खिशातून पत्र काढून त्याच्यापुढे धरलं. त्याने हात पॅंटला पुसले आणि पत्र घेतलं. उजेड कमी होता म्हणून तो वाडीच्या कडेला, रस्त्यावरच्या दिव्याखाली जाऊन उभा राहिला. फार वेळ वाचत होता. मध्येच हसला. मी जवळ गेलो.

"'हा मुलगा सुरांपेक्षा सुरांमधल्या फटी जास्त छान वाजवतो,'" त्याने वाचून दाखवलं. "असं लिहिलंय तिने. बस्त्याव, असं लिहिलंय."

"हो."

"तू आज तिला भेटलास? तोंडावर काय म्हणाली? सगळं सांग."

मी सगळं सांगितलं. मांडीखालचे हात, कपाट, टेबल, खुर्ची, सगळं. तो तहानलेल्या माणसासारखा ऐकत होता. मध्येच विचारायचा, कुठली चाल? दुसरी? तिने ती कुठे थांबवली? मला वाटलं, सुटलो. मग त्याने पाकीट उलटं करून शिक्का दिव्याखाली धरला.

"हे कधी आलं?"

"एकोणीसला."

त्याने बोटांवर मोजलं नाही. नुसता शिक्क्याकडे पाहत राहिला.

"रोज यायचो मी," तो म्हणाला. "तू समोर बसायचास. खारी द्यायचास. काही नाही म्हणायचास."

"मला वाटलं, आधी तिला जाऊन सांगावं की मी..."

"ड्रमचं मला माहीत होतं."

"काय?"

"स्टुडिओतच माहीत होतं. पहिल्या दिवशी दुपारी. घरी येऊन ज्युलिएटला म्हणालो, बस्त्याव मला बोलूच देत नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?" माझा आवाज चढला. चढायचा मला काही हक्क नव्हता, तरी चढला. "दोन दिवस होते! मी कमी वाजवलं असतं!"

"तुला सांगितलं असतं तर तू काठ्या टाकून निघून गेला असतास. आणि तू गेलास तर मी कुणाबरोबर वाजवणार होतो? वीस वर्षांत दुसऱ्या कुणाबरोबर वाजवलंय मी?" त्याने पत्राची घडी घातली. "मीही लपवलंच. फक्त माझं लपवणं कॅसेटवर ऐकू येतं."

"सही रद्द कर. आपण आत्ता एजंटाकडे जाऊ. मी बोलतो. बारा तारखेला पुण्याला जा, दुसऱ्या ड्रमवाल्याबरोबर जा, मी सामान उचलायला येतो."

"नाही."

"का?"

पाटाचं पाणी ओळ भरून रस्त्यावर यायला लागलं होतं. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"आज जर मी थांबलो," शेवटी तो म्हणाला, "तर उद्या दोन वाजता मी बेकरीत येईन, तू म्हणशील आज काही नाही, आणि मी तुझ्या खिशाकडे बघेन. मला तसं नाही जगायचं रे. मी जाऊन येतो."

पाच तारखेला तो गेला. विमानतळावर मी गेलो नाही. त्याने बोलावलं नव्हतं.

पुढचं सांगून टाकतो. नऊ महिन्यांची इनासने अकरा वर्षं केली. जहाजांवर वाढदिवसांची गाणी वाजवली, म्हाताऱ्या जोडप्यांसाठी वॉल्ट्झ वाजवले, त्या कमाईतून साठवलेल्या पैशांवर पुढे मुलीला डॉक्टर केलं. दुसरी कॅसेट कधी झाली नाही. परत आल्यावर आम्ही पुन्हा बोलायला लागलो. नाताळात कधी कधी एकत्र वाजवतोही. त्या पत्राचा विषय त्याने काढलेला नाही. आता मी कमी वाजवतो. एकदा तो नुसता माझ्याकडे बघून म्हणाला, "आज बरं होतं." ते मला अजून पुरतंय.

पण मला सांगायचंय ते त्या बारा फेब्रुवारीचं.

इनास गेला त्या दिवशी मी बूथवर जाऊन मेहेरबाईंना फोन केला आणि तो येणार नाही हे सांगितलं. का, तेही सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "तू ये."

"मी येऊन काय करू? मी वाजवू नये असं तुम्हीच..."

"वाजवायला नाही. ऐकायला ये."

रोजाला या वेळी मी खरं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, शिवी दिली, आणि प्रवासासाठी पाव-भाजी बांधून दिली.

शाळेचा हॉल होता. लाकडी खुर्च्या, वर पंखे. सव्वाशे नाहीत, पण नव्वद-शंभर माणसं असतील. पहिल्यांदा एका मुलीने पियानो वाजवला, मग तिघांच्या एका बॅंडने. नंतर मेहेरबाई मंचावर आल्या आणि म्हणाल्या, "इथे वसईचा एक गिटारवाला वाजवणार होता. तो आला नाही. त्याची वेळ मी दुसऱ्या कुणाला दिलेली नाही. त्याची कॅसेट ऐकूया." त्यांनी बटण दाबलं आणि मंचावरून उतरून पहिल्या रांगेत बसल्या.

दुसरी चाल सुरू झाली. मी माझे हात मांडीखाली घेतले.

मी कॅसेट ऐकत नव्हतो. माणसं ऐकत होतो. गिटार थांबली की नव्वद डोकी एकदम अधांतरी राहायची, पुढे काय म्हणून. मग मी यायचो आणि डोकी खाली पडायची. तरी ती पुन्हा वर यायची. इनास त्यांना पुन्हा वर न्यायचा. पुढच्या रांगेतल्या दोन बाया हसायला लागल्या, कशाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. एक म्हातारा खांदे हलवत होता. हे त्याने बघायला पाहिजे होतं. एवढंच, समोर बसून बघायला. मागितलं होतं काय त्याने दुसरं?

चाल संपली आणि रिकाम्या मंचाकडे बघून लोक टाळ्या वाजवायला लागले. एक-दोघं उभे राहिले. टाळ्या लवकर थांबेनात.

माझ्या शेजारी जाड चष्म्याचे एक गृहस्थ होते. टाळ्या वाजवून त्यांचे तळवे लाल झाले होते. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "काय वाजवतो हो! आणि हा माणूस आला का नाही?"

"जहाजावर गेलाय. नोकरीला."

"अरेरे. कोणी अडवलं नाही का त्याला?"

मी मांडीखालचे हात काढले. ते बधिर झाले होते.

"त्याचं कोणीच आलेलं नाही?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"ड्रमवाला आलाय," मी म्हणालो.